दाराबाहेरची शांतता

आमच्या दिग्दर्शकाला मुलगी घाबरलेली हवी होती आणि ती काही केल्या घाबरत नव्हती.

म्हणजे दिसायला घाबरलेली होती. सुट्टीत ओस पडलेल्या वसतिगृहाच्या बाथरूममध्ये एक सोळा वर्षांची मुलगी दडून बसलीय आणि बाहेर कुणीतरी आलंय, असा तो प्रसंग. कॅमेरा तिच्या पाठीशी ठेवलेला, आणि तिच्या खांद्याशेजारी चौकटीत मुद्दाम बरीच जागा मोकळी सोडलेली. अशी जागा सोडली की बघणारा मुलीकडे बघतच नाही, त्या मोकळ्या जागेकडे बघत बसतो. चित्र छानच होतं. पण तिने डबिंगला दिलेला श्वास ऐकला की वाटायचं, ही जिने चढून आलीय आणि आता पंख्याखाली बसलीय.

"ताई, चहावर फुंकर मारतेय ही," दिग्दर्शक म्हणाला. माझ्याहून लहान आहे, पण स्टुडिओत पाऊल टाकलं की एकदम वडीलधारा होतो.

"मग काय करू? चिमटा काढू तिला?"

"काहीही करा. मला खरा श्वास हवाय. पोरं हुशार झालीत आता, खोटं लगेच ओळखतात."

सिनेमातले आवाज तयार करणं हे माझं काम. कोबीचा गड्डा पिळून हाड मोडल्याचा आवाज काढते, ओला टॉवेल फरशीवर आपटून माणूस पाडते. पण पोराटोरांच्या भयपटात आवाज करण्यापेक्षा तो काढून घेणं जास्त महत्त्वाचं असतं. आधी खोली आवाजांनी भरायची: ट्यूबलाइटची घरघर, नळाची टिपटिप, लांबून जाणारी गाडी. प्रेक्षकाचे कान त्याला सरावले की एकेक आवाज इतका हळू काढून घ्यायचा, की त्याला कळूही नये. तो आपोआप खुर्चीत पुढे सरकतो. मग धाडकन काहीतरी. ते पहिलं धाडकन खोटंच ठेवायचं, मैत्रिणीचा खांद्यावर पडलेला हात वगैरे. सगळं थिएटर हसतं, सैल होतं. आणि त्या हसण्याच्या शेपटीवर खरं. शिवाय या सगळ्याच्या तळाशी एक घुमणारा सूर असतो, कानाला न कळणारा, पोटाला कळणारा. भूत दिसतं तोवर भीती संपलेली असते. जी काही भीती, ती आधीच्या शांततेत.

हे सगळं करून घरी येते ती मी मात्र पक्की भित्री. लेकीला द्राक्ष द्यायचं तर उभं चिरून देते, घशात अडकू नये म्हणून. गॅसचा खटका बघून झोपते आणि झोपल्यावर पुन्हा उठून बघते. "लोकांना घाबरवून पगार घेणारी बाई स्वतः झुरळाला 'अहो' म्हणते," असं माझा नवरा येईल त्या पाहुण्याला सांगतो.

लेक पाच वर्षांची. घरात आम्ही तिला ठकी म्हणतो.

त्या आठवड्यात मला एक कडीसुद्धा हवी होती. स्टुडिओतली दारं गुळगुळीत, त्यांच्या कड्या बिनआवाजाच्या. आमच्या बाथरूमची कडी जुनी, लावताना किंचाळणारी. सुट्टीच्या दिवशी दुपारी नवरा केस कापायला गेला होता. मी हेडफोन चढवले, रेकॉर्डर सुरू केला आणि बिजागरीकडच्या फटीशी माइक धरून उभी राहिले. ठकीला म्हटलं, "तू आत जा आणि कडी लाव-काढ कर. मदत करशील ना आईला?" तिला असली कामं फार आवडतात. पाय आपटत गेली.

कडी लागली. झकास आवाज आला. मग ती निघेना.

"आई, अडकली."

ती कडी अधूनमधून अडकते. दार थोडं वर उचलून खांद्याने रेटलं की सुटते, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. मी हात दाराला लावलाही.

"आई? उघड ना."

आणि तेवढ्यात हेडफोनमध्ये तो श्वास आला. आत घेतलेला, अर्ध्यातच अडकलेला, मग बारीक बारीक तुकड्यांनी सुटणारा. माझ्या कामाच्या इतक्या वर्षांत असा श्वास मी ऐकला नव्हता. माझा हात थांबला. बोलले असते तर माझा आवाज त्याच्यावर पडला असता.

"आई, तू आहेस?"

मी गप्प राहिले. नुसती गप्प नाही, अंगठ्याने आवाजाची पातळी थोडी खाली आणली, पुढची किंकाळी आली तर फाटू नये म्हणून. किंकाळी आली नाही. आवाज आणखी बारीक झाला. तिने हाक मारणंच बंद केलं आणि नुसता श्वास राहिला. हे सगळं किती वेळ चाललं ते रेकॉर्डरवर आहे. मी अजून बघितलेलं नाही.

मग दार उचललं, रेटलं, उघडलं. ठकी कमोडच्या पलीकडे भिंतीला चिकटून बसली होती. मी तिला उचलून घेतलं तर तिने दोन्ही हातांनी माझा गळा असा आवळला की मला ठसका लागला.

"कुठे गेली होतीस?"

"इथेच होते गं. फोन आला होता ना, म्हणून ऐकू नाही आलं. संपलं आता. बिस्कीट हवंय?"

तिने बिस्कीट घेतलं. मला वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवशी तो श्वास थोडा जाड केला, सोळा वर्षांच्या गळ्याला शोभेलसा, आणि त्या मोकळ्या जागेवर नेऊन बसवला. दिग्दर्शक खुर्चीतून उठूनच उभा राहिला.

"ताई! हे कुठून पैदा केलंत?"

"आहे एक मुलगी."

"तिला पुढच्या सिनेमालाही घ्या!"

मी हसले. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला बरंच वाटलं होतं.

शाळा-कॉलेजच्या मुलांना बोलावून सिनेमाचा एक चाचणी खेळ ठेवला होता, त्याला नवराही आला. पोरं नुसती कलकल करत होती, एकमेकांवर पॉपकॉर्न उडवत होती. बाथरूमचा प्रसंग आला. नळ थांबला, ट्यूबलाइट थांबली, आणि तो श्वास तेवढा उरला. अख्खं थिएटर चिडीचूप. माझ्या पुढच्या रांगेतल्या एका मुलीने स्वेटर तोंडात धरला होता. नवऱ्याने माझं मनगट पकडलं. मग धाडकन, मग किंचाळ्या, मग हशा. मला मात्र खुर्चीत नीट बसता येईना.

घरी येताना तो म्हणाला, "ते बाथरूमचं भारी जमलंय हां. खरं सांगू? मला क्षणभर आपली ठकीच आठवली."

"हं."

"बाप झालं की असं होत असणार. बाहेरचं पोर रडलं तरी आपलंच वाटतं." आणि आपल्याच हळवेपणाला तो हसला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्याने माझ्यासाठी सबबही स्वतःच शोधून दिली होती, आणि ती मी मुकाट घेतली.

त्यानंतर शाळेतून बाईंचा फोन आला. ठकी दिवसभर लघवीला जात नाही, आवरून धरते, आणि आज वर्गातच कपडे ओले झाले. मुलं हसली. "दार लावायचं नाही म्हणते. घरी काही झालंय का?" बाईंनी विचारलं.

"कडी अडकली होती एकदा," मी म्हटलं.

घरीसुद्धा ती दार सताड उघडं टाकून बसायची हे मी बघत होतेच. मी सगळंच बघत असते. पण बघून दुसरीकडे बघत होते.

नवरा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला आणि त्याने ती कडीच काढून टाकली. "घ्या राणीसरकार! आता अडकायला काही शिल्लकच नाही." ठकीने चार भोकांकडे पाहिलं, मान हलवली आणि दार उघडंच ठेवलं.

सकाळी तिला आंघोळ घालताना मी विषय काढला. डोक्यावर शाम्पूचा फेस होता, डोळे मिटलेले होते. कदाचित म्हणूनच तिला बोलता आलं.

"कडी गेली ना आता? मग भीती कसली?"

"कडीची नव्हतीच."

"मग?"

"तुझे पाय दिसत होते."

मी पाण्याचा मग हातात धरून तशीच थांबले.

"दाराखालून," ती म्हणाली. "तुझ्या निळ्या स्लिपर. मी हाक मारली तरी पाय हललेच नाहीत. मग मला वाटलं, ती तू नाहीस. दुसरंच कुणीतरी तुझ्या स्लिपर घालून आलंय."

मला वाटत होतं, माझी पोर एकटी राहिली म्हणून घाबरली. ती एकटी नव्हती म्हणून घाबरली होती. ओळखीचं माणूस ओळखीच्या चपला घालून समोर उभं राहतं आणि हाकेला ओ देत नाही, याच्यासारखी भीती दुसरी नाही. हे मी स्टुडिओत काम शिकायला येणाऱ्या नव्या मुलांना शिकवते. फळ्यावर लिहून शिकवते.

"मीच होते गं."

"मग बोलली का नाहीस? फोनवर तर बोलतात. तू बोलतच नव्हतीस."

फेस तिच्या कपाळावरून खाली यायला लागला होता. तो पुसत पुसत मी आणखी एखादी सबब शोधत होते, हेही सांगितलं पाहिजे. सापडली नाही.

"फोन नव्हता आला. मी तुझा श्वास रेकॉर्ड करत होते. सिनेमासाठी. मी बोलले असते तर तो बिघडला असता."

तिने डोळे उघडले. शाम्पू झोंबला असणार, पण ती रडली नाही.

"मला सांगायचं ना मग," ती म्हणाली. "मी केलं असतं खोटंखोटं घाबरल्यासारखं."

नवऱ्याला त्याच दिवशी सांगितलं. तो कपड्यांच्या घड्या घालत होता. ऐकता ऐकता त्याने एकाच टॉवेलची घडी तीनदा मोडली.

"म्हणजे त्या थिएटरात मी..." एवढंच म्हणाला. मग, "मी तुझं मनगट धरलं होतं गं." त्यानंतर त्याने मला विचारलं ते फक्त जेवणाचं, तेही "वाढू का?" इतकंच.

स्टुडिओत जाऊन दिग्दर्शकाला म्हटलं, बाथरूममधला श्वास काढायचाय. का, ते सांगितलं. मला वाटलं होतं तो चिडेल, निदान माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघेल. त्याचा चेहरा उजळला.

"तुमची मुलगी? अहो ताई, मग लाजताय काय! शेवटच्या नावांत तिचं नाव घालू. मोठी झाल्यावर मैत्रिणींना दाखवेल."

"नाव नको. आवाजच नको."

"त्या प्रसंगाचा जीव जाईल."

"जाऊ दे."

"तुम्हीच शिकवलंत ना मला, भीती खरी असली की..."

"हो, मीच शिकवलं. काढते आहे मी."

तो बघत राहिला आणि मी काढला. त्याच्या जागी त्या सोळा वर्षांच्या मुलीची फुंकर परत बसवली. प्रसंग खरोखरच पडला. दिग्दर्शकाने एकदा ऐकलं, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाला, "ठीक आहे. पण ट्रेलर तर गेलाय ताई. त्यात आहेच तो. आता काही करता यायचं नाही."

ट्रेलर मी विसरलेच होते. परत येताना रस्त्यात शाळेतून सुटलेली चार मुलं एका फोनवर डोकी खुपसून उभी होती. त्यातल्या एकाने अर्ध्यातच अडकणारा श्वास घेऊन दाखवला आणि बाकीचे खिदळले. ते हेच बघत होते की दुसरं काही, हे बघायला मी थांबले नाही. मान खाली घालून पुढे गेले.

घरी ठकी बाथरूमच्या दारात एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत उभी होती. मी पर्स ठेवली आणि तिथेच फरशीवर मांडी घातली.

"आई, मी दार लोटू?"

"लोट ना."

"पण तू बोलत राहायचं."

"काय बोलू?"

"काहीपण. थांबायचं नाही."

तिने दार अर्ध्यापर्यंत लोटलं. फटीतून एक डोळा दिसला, मग तोही आत गेला. मी बोलायला लागले. आज काय भाजी आणली, बटाटे कसे मऊ निघाले, शेजारच्या काकूंचं मांजर आपल्या पायपुसण्यावर कसं झोपतं, तिचे मोजे एकाचे दोन आणि दोनाचा एक कसे होतात. सुचेना झालं तेव्हा समोरच्या भिंतीवरच्या वस्तूंची नावं घ्यायला लागले. घड्याळ, खिळा, छत्री.

"आई?"

"आहे गं, आहे. छत्री. बाबांची छत्री. तिची एक काडी मोडलीय."

दार आणखी बोटभर मिटलं.

नवरा स्वयंपाकघरातून आला. माझ्याकडे बघितलं नाही. पाण्याचा पेला माझ्या गुडघ्यापाशी ठेवून गेला. घसा कोरडा ठणठणीत पडला होता. पण प्यायचं म्हणजे थांबावं लागलं असतं, म्हणून पेला तसाच राहिला आणि मी छत्रीच्या बाकीच्या काड्यांबद्दल बोलत राहिले.