खुशबू कोणाकडे राहील

तृप्तीचं दुसरं लग्न लावून द्यायचं हे बाबुलाल गजभियेंनी स्वतःच ठरवलं होतं. कुणी सुचवलं नव्हतं. त्यांचा मुलगा अश्विन जाऊन दोन वर्षं झाली होती. सुनेच्या माहेरी आईवडील उरले नव्हते. सून तीस वर्षांची, नात खुशबू सहा वर्षांची आणि आपण सत्तरीला टेकलेलो, हे त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. जवाहरनगरच्या फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून त्यांनी जवळच घर बांधलं होतं. त्या घरात भिंतीवर पोराचा फोटो आणि खाली दिवसभर गप्प राहून काम करणारी सून, हे त्यांना बघवत नव्हतं.

स्थळ लाखनीचं आलं. सुगत रामटेके, तिथल्या एका शाळेत लिपिक. दोन बहिणींची लग्नं करता करता त्याचं स्वतःचं राहून गेलं होतं. भेटायचं कुठं, असा प्रश्न निघाला तेव्हा तृप्ती हळूच म्हणाली, "घरी नको, बाबा. खुशबूले पिझ्झा आवडते. भंडाऱ्याले भेटू."

रविवारी निघायच्या वेळी बाबुलालच्या पत्नी मंगलाबाई दारातच बसून राहिल्या.

"चाल ना तू पन," बाबुलाल म्हणाले.

"मी नाही येत. माह्या पोराच्या जागेवर दुसरा बसलेला मले पाहवत नाही." मग आत तृप्ती पोरीची वेणी घालत होती तिकडे एकदा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "एक मात्र बोलून घ्या. सून जाईल, पोरगी आपल्याजवळ राहील. तिच्यातच मले अश्विनचं तोंड दिसते."

बाबुलालच्याही मनात तेच होतं. सुगतला हे कसं सांगायचं, याची जुळवाजुळव ते आठवडाभर करत होते.

भैयाजींचं पिझ्झ्याचं दुकान बसस्टँडच्या रस्त्यावर होतं. सहा टेबलं, कोपऱ्यात एक लहानशी घसरगुंडी आणि भिंतीवर पोरांनी काढलेली चित्रं चिकटवलेली. पोरं कंटाळू नयेत म्हणून भैयाजी त्यांच्या पुढ्यात लाटलेला पिझ्झा ठेवत, सोबत मक्याचे दाणे आणि सिमला मिरचीची वाटी, आणि म्हणत, सजवा आपल्या हातानं. अश्विन दर महिन्याला बायकोपोरीला घेऊन इथं यायचा. तो गेल्यापासून घरातल्या कुणी या दुकानाची पायरी चढलं नव्हतं.

भैयाजींनी खुशबूला लगेच ओळखलं. "अरे, केवढी झाली ही! लय दिवसांनी आल्या तुम्ही. पप्पा कुठं आहेत? गाडी लावून राहिले का?"

तृप्तीनं मान खाली घातली. खुशबूच म्हणाली, "पप्पा नाहीत आता. ते वारले."

भैयाजींनी बाबुलालकडे पाहिलं.

"कावीळ झाली होती," बाबुलाल म्हणाले. "आठ दिवसांत सगळं झालं."

भैयाजींनी खुशबूचा हात धरला, तिला काउंटरपाशी स्टुलावर उभं केलं आणि मक्याची वाटी तिच्यापुढे सरकवली.

थोड्या वेळानं सुगत आला. हातात हेल्मेट, इस्त्रीचा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. "जय भीम, बाबूजी," म्हणून समोर बसला. लाखनीच्या रस्त्यावर ट्रक फार झालेत, शाळेत यंदा पटसंख्या कमी आहे, असं काहीबाही बोलणं झालं. मग त्यानं रुमालानं मान पुसली.

"बाबूजी, एक गोष्ट खरी सांगतो. मागून कोनाले वाईट वाटू नये. माह्या आईचं म्हननं आहे, लग्न कर, पन पोरगी तिच्या आजीआबाजीकडं राहू दे. मी अजून तिले हो म्हटलं नाही आन नाही बी म्हटलं नाही."

आठवडाभर जे बाबुलालच्या जिभेवर येत नव्हतं ते समोरच्यानंच बोलून टाकलं होतं. आता फक्त 'बरं' म्हणायचं होतं. पोरगी रोज त्यांच्या डोळ्यांसमोर राहिली असती. मंगलाबाईंना जगायला काही कारण राहिलं असतं.

त्यांनी तृप्तीकडे पाहिलं. इतका वेळ ती कागदी रुमालाचे बारीक तुकडे करत होती. आता तिचा हात थांबला होता. तिनं वर पाहिलं नाही. दोन वर्षांत तिनं त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं, आताही मागणार नव्हती. आपण हो म्हटलं तर ही मान हलवेल आणि निमूट लाखनीला जाईल, हे त्यांना कळत होतं. अश्विन गेल्यावर ती चार दिवस अन्नाला न शिवता पडून होती. पाचव्या दिवशी खुशबू कंगवा घेऊन तिच्या उशाशी बसली, तेव्हा कुठं उठली.

तेवढ्यात भैयाजी ताट घेऊन आले. खुशबू त्यांच्या पुढं चालत होती.

"हा मम्मीचा. हा आबाजीचा. हा आजीचा, घरी न्यायचा," ती बोटानं तुकडे दाखवत म्हणाली. मग सुगतकडे पाहून थबकली. "तुम्ही कोन?"

"मी सुगत."

"तुम्हाले मिरची चालते?"

"चालते ना."

"मंग हा तुमचा." आणि ती धावत घसरगुंडीकडे गेली.

बाबुलालनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"सुगत, लेकरू मायजवळच राहील. हे जमत असंन तर पुढचं बोलू. नसंन जमत तर पिझ्झा खाऊ आन चांगल्या मनानं आपापल्या घरी जाऊ."

"बाबा..." तृप्ती म्हणाली. ओढणी तोंडाशी धरून ती हात धुवायच्या बेसिनकडे गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

सुगत घसरगुंडीवरच्या पोरीकडे बघत होता. "आईले मी समजावतो, बाबूजी," तो म्हणाला. "नाही समजली तरी पोरगी येईलच."

बाबुलालनी मान डोलावली आणि आपला तुकडा उचलला. चीजची तार त्यांच्या मिशीला चिकटली तशी खुशबू घसरगुंडीवरून खिदळली, म्हणून तेही हसले.

घरी आल्यावर मंगलाबाईंनी पहिलं तेच विचारलं. "बोलले का?"

"बोललो. पोरगी मायसोबत जाईल."

"त्यांनी मागतली?"

बाबुलालना खोटं बोलता आलं असतं. "नाही. ते इथंच ठेवा म्हनत होते. मीच नाही म्हटलं."

मंगलाबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "मले एका शब्दानं नाही इचारलं तुम्ही." एवढंच बोलून त्या उठल्या. खुशबूनं पुढे केलेला पिझ्झ्याचा तुकडा त्यांनी घेतला, ओसरीत पाठ करून बसल्या आणि रडत रडत सगळा खाल्ला. पुढचे कित्येक दिवस त्या नवऱ्याला ताट वाढायच्या आणि आत निघून जायच्या.

एप्रिलमध्ये विहारात लग्न लागलं. मंगलाबाई आल्या. तृप्तीच्या साडीच्या निऱ्या त्यांनीच बसवल्या, आणि गाडी सुटताना खुशबूला इतकं घट्ट धरलं की सुगतला थांबून राहावं लागलं. गाडी गेल्यावर दोघं म्हातारे ऑटोनं घरी आले.

दर रविवारी खुशबूचा फोन यायचा. सुगतकाकांनी सायकल आणली, सुगतकाकांच्या आईनं चकल्या केल्या, असं ती सांगायची. धान कापणीच्या दिवसांतल्या एका रविवारी ती बोलता बोलता म्हणाली, "ठेवते आबाजी, पप्पा बोलावून राहिले."

क्षणभर बाबुलालना अश्विनच तिच्या मागं उभा आहे असं वाटलं. मग लक्षात आलं.

"जाय बेटा," ते म्हणाले.

मंगलाबाई तांदूळ निवडत होत्या. "काय म्हने पोरगी?" त्यांनी विचारलं. जेवते का नीट, शाळेत जाते का, आंगात भरली का, एकामागून एक विचारत राहिल्या. बाबुलालनी सगळं सांगितलं, तेवढं एक सोडून.