देवबागच्या फळ्यावरच्या दोन ओळी

मित्रांनो, लिहून घेणे आणि पुसले जाणे एवढेच ज्याच्या नशिबी असते, असा मी देवबागचा एक म्हातारा फळा. माझी एक कड वाळवीने खाल्ली आहे. वरच्या कोपऱ्यात खिळ्याचे भोक आहे, पावसात तिथून पाणी झिरपते. तरी अजून माझ्यावर खडू उमटतो. आज माझी हकिगत थोडी घाईने सांगावी लागणार आहे.

धामापूरच्या एका सुताराने फणसाच्या चार फळ्या सांधून मला घडवले. जुने सेल फोडून त्यांतला काळा मसाला आणि करवंटीचा कोळसा वाटून त्याचा लेप मला दिला. मग कर्लीच्या खाडीतून होडीत घालून मला देवबागच्या शाळेत आणले. त्याच वर्षी तेरेझा फर्नांडिस नावाची बावीस वर्षांची शिक्षिका तिथे रुजू झाली. सगळे गाव तिला टीचर म्हणू लागले. पस्तीस वर्षे ती माझ्यावर लिहीत होती. तिचे अक्षर सरळ आणि ठसठशीत, शेवटच्या बाकावरूनही वाचता येणारे. मुले माझ्यावर अ गिरवत, नकाशे काढत, एकमेकांची नावे लिहून पळून जात. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे मुले कमी झाली. पट नऊवर आला आणि शाळेला कुलूप लागले. रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे जाळे लावणारे मच्छीमार मला होडीखाली टेकू म्हणून मागत होते. टीचर तेव्हा निवृत्त झाली होती. तिने भाच्याला, पर्यटकांना दोन खोल्या भाड्याने देणाऱ्या रॉयडनला, बरोबर आणले आणि मला आपल्या घरी नेऊन रस्त्याकडच्या भिंतीवर टांगले. देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे वाळूची एक चिंचोळी पट्टी. रस्ता एकच. गावात येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला माझ्यासमोरूनच जावे लागते.

त्या वर्षी लोकसभेची निवडणूक झाली. निवडून आलेले खासदार आभार मानायला देवबागला आले तेव्हा टीचरने त्यांना विचारले, "साहेब, तिथे तुम्ही काय करता ते आम्हाला कसं कळणार?" ते हसून म्हणाले, "सगळं जाहीर असतं, टीचर. कुणीही वाचावं."

टीचरने ते शब्दशः घेतले. रॉयडन मोबाईलवर संसदेचे पान उघडून देई, ती चष्मा लावून वाची आणि दर अधिवेशनानंतर माझ्यावर लिही. खासदारांची हजेरी अठ्ठ्याऐंशी टक्के. प्रश्न एकतीस. त्यांतला एक देवबागच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्याबद्दल. कुठल्या विधेयकावर मत काय दिले, तेही. जिथे नुसते आवाजी मतदान झाले असेल तिथे ती लिही, 'नाव नोंदलेले नाही.' कळले नाही ते तिने कधी कळल्यासारखे लिहिले नाही.

लोक थांबून वाचत. नर्मदा ही मासे विकणारी बाई रोज सकाळी डोक्यावरची पाटी खाली ठेवी आणि म्हणे, "आज काय लिवलंस गो? वाच बघू." तिला वाचता येत नव्हते. टीचर वाचून दाखवी, नर्मदा ओठ हलवत ऐके आणि पुढे जाई. सुदेश म्हणून टीचरचा एक जुना विद्यार्थी आहे. पर्यटकांना बोटीतून फिरवायचा त्याचा धंदा आहे आणि खासदारांचे गावातले कामही तोच बघतो. त्याने माझा फोटो काढून सगळीकडे पाठवला. खासदारांच्या कचेरीतून कौतुकाचे पत्र आले. मला एक हारही घातला होता.

दोन वर्षांनी किनारा विकास विधेयक आले. किनाऱ्यावरची मोकळी वाळू मोठ्या पर्यटन प्रकल्पांना देता यावी, असे त्यात होते. देवबागच्या टोकाला जिथे रापणीच्या होड्या ओढून ठेवतात आणि नर्मदासारख्या बायका सुंगटे, म्हणजे कोळंबी, वाळत घालतात, ती जागाही तशी मोकळीच. गावात सभा झाली. खासदार म्हणाले, "मच्छीमारांच्या जागा वगळाव्यात म्हणून मी सभागृहात तुमच्या बाजूने उभा राहिलो."

टीचरने घरी येऊन ते वाक्य तारखेसकट माझ्यावर लिहिले. ती आनंदात होती. मलाही बरे वाटले.

तीन आठवड्यांनी सभागृहाचे छापील कामकाज तिच्या हाती आले. ते तिने एकदा वाचले, मग रॉयडनकडून वाचून घेतले. मच्छीमारांच्या जागा वगळा, अशी दुरुस्ती एका सदस्याने मांडली होती आणि तिच्यावर नावानिशी मतदान झाले होते. आपल्या खासदारांचे नाव विरोध करणाऱ्यांच्या यादीत होते. दुरुस्ती पडली होती.

टीचरने खडू उचलला. मग पहिल्या ओळीखाली तिने दुसरी ओळ लिहिली. 'मच्छीमारांच्या जागा वगळण्याच्या दुरुस्तीवर खासदारांचे मत: विरोधात.' खाली तारीख आणि पान क्रमांक. आपला एकही शब्द तिने त्यात घातला नाही.

मित्रांनो, त्या दिवसापासून माझ्यासमोरचा रस्ता बदलला.

लोक येत, पहिली ओळ वाचत, दुसरी वाचत आणि चालू लागत. पुढे पुढे तर माझ्यासमोर आले की माणसे समुद्राकडे पाहू लागली. एक पांढरी गाडी दिवसातून दोनदा हळू होई, काच अर्धी खाली येई आणि पुन्हा वर जाई. टोकाकडच्या वाळूत मोजणीचे लाल डोक्याचे खुंट ठोकलेले दिसू लागले. पहिल्या दिवशी चार होते. आठवड्याने मी मोजणे सोडले.

एका दुपारी सुदेश आला. चपला बाहेर काढून पायरीवर बसला.

"टीचर, ती खालची ओळ तेवढी पुसून टाका."

"कित्याक? खोटी आसा?"

"खोटी असती तर काय बिघडला नसता. खरी आसा, म्हणानच सांगतंय."

"तुका कोणी धाडल्यान?"

"कोणी धाडूक नाय. माझ्याच मनान इलंय." तो खाली बघत होता. "रॉयडनाच्या खोल्यांचे कागद कोणीतरी मागवून घेतले आसत. माका तेवढाच म्हायती आसा."

टीचरने त्याला सोलकढी दिली. ती गटागट पिऊन तो गेला. ओळ तशीच राहिली.

पुढच्याच आठवड्यात खासदार आले. चार गाड्या माझ्यासमोर थांबल्या. ते उतरले आणि त्यांनी दोन्ही ओळी शांतपणे वाचल्या. टीचर दारात आली.

"अक्षर फार सुंदर आहे तुमचं," ते म्हणाले.

"साहेब, काही चुकलं असेल तर सांगा. मी दुरुस्त करते."

"चुकलं काहीच नाही. पण मत देण्यामागे कारणं असतात, टीचर. ती एवढ्याशा फळ्यावर मावत नाहीत."

"तुम्ही सांगा. मी बारीक अक्षरात लिहीन."

गाड्यांपाशी उभी असलेली माणसे हसायची थांबली. खासदारांनी मात्र हसू तसेच ठेवले. मागे उभ्या असलेल्या रॉयडनकडे त्यांनी पाहिले. "हा भाचा ना तुमचा? रॉयडन. समुद्राकडच्या दोन खोल्या याच्याच. छान चाललंय ना?"

त्यांना कोणी त्याचे नाव सांगितले नव्हते. रॉयडनने मान हलवली. गाड्या गेल्या. खडूवर बसलेली धूळ टीचरने फुंकर मारून काढली. 

नोटीस चौथ्या दिवशी आली. त्या दोन खोल्या किनाऱ्याच्या हद्दीत येतात, सबब बंद कराव्यात. त्याच रांगेत आणखी अकरा घरांच्या खोल्या होत्या. नोटीस एकट्या रॉयडनला आली.

रविवारी सकाळी टीचर चर्चमध्ये मिस्साला गेली असताना रॉयडन ओले फडके घेऊन माझ्यासमोर आला. बायको मेल्विना मागून म्हणाली, "आंटीक इचारलंस?"  त्याने खालची ओळ पुसली, मग वरचीही पुसली, मग मला सगळाच पुसून काढला. मित्रांनो, शाळेत मला हजारदा पुसले, पण ते मुलांचे शिकून झाल्यावर. कोणी शिकू नये म्हणून मी पुसला गेलो तो त्या दिवशी प्रथम.

टीचर परत आली. तिने मला पाहिले, रॉयडनच्या हातातले फडके पाहिले.

"आंटी, माका दुसरा काय सुचूक नाय," तो म्हणाला.

"चाय घेतलंस?" एवढेच विचारून ती आत गेली. मग कितीतरी दिवस ती बाहेर आली नाही.

मी कोरा राहिलो, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. आठव्या दिवशी माणसे आली आणि रॉयडनच्या दोन्ही खोल्यांना सील लावून गेली. खोल्यांत उतरलेली माणसे बॅगा घेऊन रस्त्यावर उभी राहिली. ती गेल्यावर रॉयडन माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि कोऱ्या जागेकडे बघत राहिला.

तेवढ्यात नर्मदा आली. तिची पाटी रिकामी होती. वाळत घातलेली सुंगटे सकाळी कोणी उचलून बाजूला फेकली होती आणि तिथे तारेचे कुंपण घातले जात होते. तिने माझ्याकडे पाहिले.

"पुसलंस रे?" तिने विचारले.

"होय."

"मग घे खडू. मी सांगतंय, तू लिव."

आणि तिने दोन्ही ओळी सांगितल्या. सभेतले वाक्य तारखेसकट, मग दुरुस्ती, मग मत, मग पान क्रमांक. टीचर रोज वाचून दाखवी त्याच चालीत, त्याच जागी थांबत. एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही. रॉयडनला तिच्या वेगाने लिहिता येईना. त्याचे अक्षर वाकडे आले, ओळ खाली उतरत गेली. आवाज ऐकून टीचर दारात आली. तिने सगळे वाचले आणि एका शब्दातली वेलांटी तेवढी सुधारली.

त्यानंतर एकच कागद आला. तो माझ्याबद्दल होता. रस्त्यालगतचा विनापरवाना फलक सात दिवसांत काढावा, न काढल्यास जप्त करण्यात येईल. कागद घेऊन सुदेशच आला होता. त्याने तो टीचरच्या हातात दिला नाही, पायरीवर ठेवला आणि वर दगड ठेवला. जाण्यापूर्वी तो माझ्यासमोर थांबला आणि त्याने प्रथमच दोन्ही ओळी शेवटपर्यंत वाचल्या.

"टीचर," तो म्हणाला, "मी नाय म्हटला, तर दुसरो कोणतरी येतलो."

"म्हायती आसा माका," टीचर म्हणाली. "तू मातर येव नको."

आज सातवा दिवस आहे. ऊन चढले आहे. वळणावर एक टेम्पो येऊन थांबला आहे. त्यातून चार माणसे उतरली आहेत, एकाच्या हातात पहार आहे. त्यांच्यात सुदेश आहे की नाही, ते इथून दिसत नाही. टीचर खुर्ची घेऊन माझ्याखाली बसली आहे. रॉयडन तिच्या शेजारी उभा आहे. नर्मदा आणि तीन बायका रस्त्याच्या पलीकडे आहेत. 

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. माझी फणसाची लाकडे झिजली, उद्या ती चुलीत गेली तरी मला वाईट वाटणार नाही. तुम्ही निवडून दिलेला माणूस तिथे जाऊन काय बोलला आणि त्याने हात कुठल्या बाजूला वर केला, ते जपा. ते जपायला भिंत लागत नाही आणि परवानाही लागत नाही. माणसे जवळ येत आहेत. तुमच्यापैकी कोणाकडे वही असेल, निदान पेन्सिलीचा तुकडा असेल, तर माझ्याकडे बघत उभे राहू नका. फळ्यावरचे आधी उतरवून घ्या.