मुठीची लिफ्ट आणि मामांचे प्रश्न

मी एक जुनी लिफ्ट आहे, मित्रांनो. बटणांची नव्हे, मुठीची. चालवणाऱ्याने पितळी मूठ फिरवली तरच मी हलणार, नाहीतर जागच्या जागी उभी. माझी पेटी सागवानी. आत एक आरसा, एक पंखा आणि कोपऱ्यात एक स्टूल. दाराच्या जागी एकमेकींवर फुल्या करणाऱ्या लोखंडी पट्ट्यांची सरकती जाळी, उघडली की मिटणारी, लावली की ताणली जाणारी. मला घडवणारा सुतार शेवटचा हात फिरवताना म्हणाला होता, "हिच्यात बसून लोक कुठे कुठे जातील!" बिचाऱ्याच्या लक्षातच आलं नाही, की मी जन्मभर एकाच भिंतीच्या पोटात वर-खाली करणार होते.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर होते, चौथ्यावर वकील आणि अगदी वर आकाशाचा अभ्यास करणारी एक छोटी संस्था. सुरुवातीला माझं भारी कौतुक झालं. लोक काम नसताना वर जाऊन येत, आरशात भांग पाडत. पुढे मी सवयीची झाले, आणि सवयीच्या वस्तूकडे कोण बघतं?

मला चालवायचे त्यांना सगळे मामा म्हणत. सगळ्यांचे मामा, पण त्यांचं स्वतःचं माणूस एकच. धाकटी बहीण. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. आई गेली तेव्हा ती म्हणाली होती, "आई एवढी आजारी, आणि मला आधी कळवलं नाहीस?" मामा रागात बोलून गेले, "तुला यायला वेळ कुठे असतो!" तेव्हापासून अबोला. हे मला ठाऊक, कारण मी रिकामी असले की मामा माझ्याशीच बोलत. डबाही माझ्यातच खात, भिंतीकडे तोंड करून.

दिवसभर बसून बसून मामांना प्रश्न पडत. लिफ्ट वर निघताना अंग जड का होतं? पृथ्वी आपल्याला ओढते म्हणजे नेमकं कशाने ओढते? काळ सुरू व्हायच्या आधी काय होतं? आणि हे विश्व म्हणे पसरतंय. मग ते पसरतंय कशात? प्रश्न एवढे मोठे, आणि उत्तराला वेळ मिळायचा चार मजल्यांचा. वकीलसाहेब म्हणत, "मामा, आधी पंखा लावा, मग विश्वाचं बघू." दातांचे पेशंट तर गाल धरून नुसतेच मान हलवत. एखादा थांबून सांगू लागला, की त्याचा मजला यायचा. जाळी सरकायची, वाक्य अर्धंच राहायचं. मामा ते अर्धं वाक्य घेऊन पुन्हा खाली यायचे. तेवढ्यापुरतं मला माझ्या वेगाचं वाईट वाटे.

सर्वात वरच्या संस्थेत एक मॅडम काम करायच्या. विश्व पसरतं कसं, हाच त्यांचा अभ्यास. पण त्या कायम घाईत, कानाला फोन. मामांनी किती वेळा तोंड उघडलं आणि मिटलं, ते मीच पाहिलं.

एका दुपारी मॅडम वर निघाल्या होत्या. तिसरा मजला गेला आणि वीज गेली. पंखा थांबला. मी दोन मजल्यांच्या मध्ये अडकले. जाळीपलीकडे नुसती भिंत.

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी जाळी गच्च धरली. "मामा, मला बंद जागेत श्वास कोंडतो. काहीतरी करा!"

मामांनी वरच्या माणसांना हाक मारली, मॅडमना स्टुलावर बसवलं, डब्याच्या पिशवीतलं पाणी दिलं. मग मामा हळूच म्हणाले, "मॅडम, एक विचारू? खूप दिवसांचं आहे. विश्व पसरतंय म्हणतात, ते पसरतंय कशात?"

"आत्ता?" मॅडम ओरडल्याच.

"आत्ता तुमचा मजला यायचा नाही ना, म्हणून."

मॅडमना रडता रडता हसू आलं. त्यांनी डोळे पुसले. समोर माझी जाळी होती. "ही थोडी उघडा," त्या म्हणाल्या. "आता हळूहळू बंद करा. या पट्ट्यांच्या फुल्या बघा. काय होतंय?"

"एकमेकींपासून लांब चालल्यात."

"यातली मधली कोणती? कोणत्याही फुलीवर जाऊन बसा, तिला वाटणार बाकीच्या माझ्यापासून लांब जातायत. विश्वाचं तसंच आहे. ते कशात तरी पसरत नाही, मामा. त्यातली अंतरंच वाढतात."

मामांनी जाळी पुन्हा उघडली, पुन्हा ओढली. मग एकदम उदास होऊन म्हणाले, "म्हणजे सगळं सगळ्यांपासून लांबच जाणार? आपणसुद्धा?"

"नाही, नाही. फुलीतला हा खिळा बघा. जाळी ताणली म्हणून तो ताणला गेला का? तो आतून घट्ट आहे. आपण, ही पृथ्वी, आपला सूर्य, आपली आकाशगंगासुद्धा, हे सगळं एकमेकांना धरून आहे. ते नाही पांगत. पण ओढ पोहोचेल इतकं जवळ असावं लागतं. फार लांब गेलेलं मग परत येत नाही."

"आणि या सगळ्याच्या आधी काय होतं?"

"ते आम्हालाही माहीत नाही, मामा. खरंच नाही."

वीज आली तेव्हा मॅडमचा श्वास सरळ चालू होता. मामा मात्र मूठ धरून तसेच उभे होते. "मॅडम, तुमचा मजला," एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी मामा घरच्या दिशेला वळले नाहीत. पुढच्या आठवड्यात एक बाई आल्या. नाक हुबेहूब मामांचं. मी वर निघाले तशी त्यांनी भावाचा दंड धरला. "अरे दादा, हे अंग एकदम जड का झालं रे?" मामा इतके मोठ्याने हसले, की वकील बाहेर येऊन बघू लागले. इतक्या वर्षांत ते हसू मी पहिल्यांदाच ऐकलं.

नंतर मामा निवृत्त झाले आणि बहिणीच्या शेजारी राहायला गेले. मला आनंद झाला. पण खरं सांगू, मित्रांनो? त्यानंतर माझ्याशी कोणी बोललं नाही. शेजारी नवी लिफ्ट आली. तिला माणूस लागत नाही. मला तळमजल्यावर बंद केलं. आता माझ्यात झाडू आणि बादल्या असतात. आरशावर धूळ बसली आहे.

परवा मात्र जाळी सरकली. मॅडम आत आल्या. केस पिकलेले. बादली बाजूला करून स्टुलावर बसल्या, बराच वेळ. मग आपल्याशीच पुटपुटल्या, "वर संस्थेत सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. मला कोणी काही विचारतच नाही हो मामा." आणि निघून गेल्या.

मित्रांनो, माझ्या साखळ्यांना तेल घाला, असं आता मी म्हणत नाही. ती वेळ टळून गेली. पण तुमच्या आसपास कोणी भाबडे, भलेमोठे प्रश्न विचारत असेल, तर त्याला हसून वाटेला लावू नका. उत्तर येत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा, पण त्याच्याजवळ बसून म्हणा. मॅडम जाताना जाळी उघडीच ठेवून गेल्या आहेत. अजून कोणी ती बंद केलेली नाही.