दोनदा दाबायचा ब्रेक

मित्रांनो, जुन्या मोटारसायकलच्या हँडलवर, उजव्या मुठीजवळ एक काळी डबी दिसते ना, तो मी. मला मास्टर सिलिंडर म्हणतात. नाव भारदस्त, पण काम एकच. चालवणाऱ्याच्या बोटांचा दाब माझ्या पोटातल्या तेलातून पुढच्या चाकाच्या ब्रेकपर्यंत पोहोचवायचा. स्वभाव माझा पहिल्यापासून काळजीखोर. चाक थांबेपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो.

सोनईजवळच्या वस्तीवर राहणारे भागवतराव माझे मालक. रोज सकाळी दुधाच्या किटल्या लावून आम्ही डेअरीला जायचो. दसऱ्याला ते टाकी पुसत, आरसे पुसत, माझ्यावर झेंडूची माळ अडकवत. मला केवढा मान वाटे! पण माळ काढल्यावर माझं झाकण उघडून बघावं, असं कधी त्यांच्या मनात आलं नाही. तेल काळं पडलं. आतलं रबर झिजलं. लिव्हर पहिल्यांदा दाबली की मऊ पडून थेट मुठीला टेकायची, लगेच पुन्हा दाबली की ब्रेक लागायचा.

"दोनदा दाबला का लागतो की," म्हणत मालकांनी तशी सवयच करून घेतली. पुढे पुढे ते बोटांना पाठ झालं आणि डोक्यातून निघून गेलं. मला त्याचीच धास्ती वाटे.

ऊसतोडीच्या दिवसांत एकदा मालक तापाने फणफणले. "तुमी पडून ऱ्हावा. दूध मी घालून येते," असं म्हणून मालकीणबाई सुरेखा गाडीवर बसल्या. त्या नुकत्याच शिकल्या होत्या, तेही शेताच्या वाटेवर. तिथे पायाच्या ब्रेकवरच भागायचं. मोबाईलची पिशवी त्यांनी माझ्याशेजारीच हँडलला अडकवली.

डांबरी रस्त्याला लागलो आणि फोन वाजू लागला. बंद झाला, पुन्हा वाजला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हा बाईंचा नेम. मला मात्र कळून चुकलं होतं. मालकांना आठवलं असणार! बाई, थांबा, घ्या तो फोन, असं मी मनातल्या मनात विनवत होतो. पण डबीला कुठली वाचा?

पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चालला होता. तो अचानक थांबला. बाईंनी मला दाबलं, एकदाच. लिव्हर मुठीला टेकली आणि चाक पळतच राहिलं. मित्रांनो, तेवढा लाचार मी कधी झालो नव्हतो. बाईंनी पायाचा ब्रेक करकचून दाबला, हँडल कडेला वळवलं आणि आम्ही रस्त्यालगतच्या पाण्याच्या चारीत आडवे झालो.

किटल्या उलटल्या. फोन वाजतच होता. खरचटलेल्या हाताने बाईंनी तो कानाला लावला.

"सुरेखा, आगं पुढचा ब्रेक दोनदा दाबायचा बरं का. सांगायचं राहूनच गेलं."

बाई मातीत जिरणाऱ्या दुधाकडे बघत राहिल्या. "दूध गेलं सगळं," त्या म्हणाल्या. "मी धड हाय. पन ही गाडी आता अशी घरी यायची न्हाई."

त्यांनी गाडी ढकलत वाल्मिक मेकॅनिककडे नेली. मालक शाल पांघरून कुणाच्या तरी टेम्पोतून तिथे पोचले. आता माझी रवानगी भंगारात, या भीतीने मी गारठलो. पण वाल्मिकने मला खोलून आत उजेड मारला. "आतून चांगला हाय. रबर तेवढं गेलंय." त्याने मला धुतलं, नवा पिस्टन आणि नवी रबरं घातली, ताजं तेल भरलं. "वहिनी, दाबून धरा." बाई लिव्हर दाबत गेल्या, बारीक नळीतून हवेचे बुडबुडे निघत गेले आणि हळूहळू मी घट्ट झालो.

मालक गाडीवर बसले. लिव्हर दाबली, आणि सवयीने पुन्हा दाबली. बाईंनी खरचटलेला हात त्यांच्या बोटांवर ठेवला.

"एकदाच," त्या म्हणाल्या. मालकांना मान वर करवेना.

मित्रांनो, आम्हाला बोलता येत नाही. आम्ही मऊ पडतो, कुरकुरतो, गळतो, तेच आमचं सांगणं. त्याची सवय करून घेऊ नका. आधी झाकण उघडून बघा.

आता रोज निघण्यापूर्वी मालक जागेवरच एकदा ब्रेक दाबतात आणि क्षणभर थांबतात. मी घट्ट आहे याची खात्री झाली की मगच निघतात. ही सवय मात्र कधी जाऊ नये, एवढंच माझं मागणं आहे.