सगळ्यात कमी वेग

मुलीनं आधीच्याहून कमी वेगाचं हलतं चित्र उघडलं आणि लॅपटॉप आईच्या बाजूला सरकवला. पडद्यावर तापून लालबुंद झालेला पोलादाचा जाड पाट दाबणाऱ्या दोन रोलांमध्ये शिरला, चेपत, लांबत पुढे निघाला आणि मधोमध फाटला. फाटलेलं टोक उसळून बाजूला फेकलं गेलं.

आईनं नजर हलवली नाही.

“अजून कमी कर.”

जेवणाची ताटं टेबलावर तशीच पडली होती. मुलगी पोलाद कारखान्यांसाठी हेच काम करायची. संगणकात पाटाचे बारीक बारीक चौकोन पाडायचे आणि रोलांखाली त्यातल्या प्रत्येकावर किती ताण येतो ते काढायचं. बाबा आणि काका कामाला होते त्या कारखान्यानं जुनं यंत्र बदलायच्या आधी तपासणीला तिलाच बोलावलं, तेव्हा तिनं मनाशी ठरवलं होतं, काकांची चूक एकदा सगळ्यांसमोर मांडायचीच. ती लहान असताना एके दिवशी यंत्र चालवणाऱ्या काकांनी वेग वाढवला, पाट फाटला, आणि त्याचं टोक लागून बाबा गेले. घरात हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. काकांनीही ते कधी नाकारलं नव्हतं.

पण करायला गेली एक आणि झालं भलतंच. कारखान्यानं जपून ठेवलेल्या, त्याच पाटाच्या फाटक्या तुकड्याच्या पोटात पोकळी निघाली, पोलाद ओततानाच राहून गेलेली. ती हिशेबात धरली, तसा संगणकातला पाट कुठल्याही वेगाला फाटू लागला.

“तुझा हा संगणक चुकत असेल.”

“मलाही तेच वाटलं, आई. मी दुसऱ्यांकडूनही तपासून घेतलं.”

“मग तुझ्या काकानं माझ्यापुढे हात का जोडले? काही केलंच नव्हतं तर?”

“त्यांनाही वाटलं असेल, आपल्यामुळेच झालं.”

आईनं टेबलावर सांडलेलं पाणी तळव्यानं पुसलं. कोरड्या जागेवरून पुन्हा हात फिरवला, पुन्हा फिरवला.

“अजून कमी कर.”

मुलीनं शेवटचं चित्र उघडलं. पाट गोगलगायीसारखा सरकत आला. फाटला.

“अजून.”

“याहून कमी वेगाला रोल फिरतच नाहीत, आई.”

आईनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

“भाऊजी हात जोडत दारात आले होते,” ती हळूच म्हणाली. “त्यानंतर ते गावातच राहिले नाहीत. मी काय म्हणाले होते गं त्यांना? तुला आठवतं?”

मुलीला शब्द न् शब्द आठवत होता. ते ऐकून काका जिना उतरायला लागले, आणि अर्ध्यावर कठडा धरून खाली बसले, तेही तिनं पाहिलं होतं.

“नाही,” ती म्हणाली. “मी लहान होते.”