गुळवेलीचं बोलावणं

निजामाच्या अमलात बदनापूरच्या पंचक्रोशीत कुणाचा ताप हटला नाही, की लोक साळूबाईचं दार गाठायचे. लिंबावर चढलेली गुळवेल ती अंगठ्याएवढी जाड बघून तोडायची, ठेचून रात्रभर पाण्यात ठेवायची आणि सकाळी अनशापोटी पाजायची. दवा कडूजहर, आणि बाईची जीभही तशीच. पण गुण यायचा.

सासऱ्यानं विद्या देताना एकच अट घातली होती. रोग्याच्या घरचं बोलावणं आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. आपणहून दिलेल्या दवेला गुण येत नाही. साळूबाईनं ही अट तीस वर्षं पाळली, आणि चारचौघांत मिरवलीही.

भादव्यात पाशामियाँ मिठाची गाडी घेऊन शहागडहून आला. तिथं साळूबाईची एकुलती एक लेक नंदा दिलेली.

"नंदाला आठ दिस झाले ताप हाय," तो म्हणाला. "बिलकुल उठंना, नुसती पडून राह्यली. जल्दी निघा, साळूबाई."

"तिच्या सासूनं निरोप देला का?"

पाशामियाँ सरळ माणूस. त्या दिवशी खोटं बोलला असता तर त्याला पुण्य लागलं असतं. "न्हाई. मी दारावरून आल्तो, मलाच दिसली."

साळूबाई निघायला उठली. पण न बोलावता जावं आणि लेकीलाच दवा लागू पडू नये? सांगून मागवलेलं बोलावणंही खरं नव्हे. नुसती आई म्हणून जावं, तर हातातली विद्या कुठं ठेवावी? तिनं वेल तोडली, फडक्यात बांधली आणि वाटेकडे डोळे लावून बसली. तिसऱ्या दिवशी शहागडचा माणूस आला. नंदा गेली होती, मातीला बोलावलं होतं.

नंदाची सासू चतुराबाई गळ्यात पडून रडली. "विहीणबाई, तुमाला कळल्तं ना? मंग आल्या का न्हाई?"

"तुमी बोलावणं न्हाई धाडलं."

"नंदा रोज म्हनायची, मायला बोलावनं धाडा, त्याच्याबिगर ती यायची न्हाई. मीच म्हनलं, येडी का काय तू, मायला कशाचं बोलावनं? कळलं की पळत यील."

विहिणीवर राग धरायलाही साळूबाईला जागा उरली नव्हती. लेकीनं तिला बरोबर ओळखलं होतं. चतुराबाई मात्र तिला आई समजून बसली होती.