बिनपासाची

"पासाबिगर तुला जाता येनार न्हाई. आन् पास मी देनार न्हाई," मान वर न करताच मुकादमानं सांगितलं.

रंभा हात जोडून तशीच उभी राहिली. उभं राहण्याची तिला सवय होती. चाळीस वर्षांच्या आयुष्यात कुणाच्या ना कुणाच्या टेबलासमोर ती अशीच उभी राहत आली होती. थोड्या वेळानं उद्धवराव मुकादमानं हातानंच 'जा' म्हणून खूण केली, तेव्हा ती गेली.

चोपन्न सालचा हिवाळा होता. पिंपरीच्या माळावर एक मोठा कारखाना उठत होता आणि सगळीकडे पाये खणले जात होते. माती वाहायला लोखंडी घमेली पुरत नसत, म्हणून ठेकेदारानं रंभा आणि तिचा नवरा सयाजी यांना पाट्या विणायला ठेवलं होतं. दोघं कैकाडी. निरगुडीचे फोक आणायचे, सोलायचे, विणायचे. ठेकेदाराच्या सगळ्या माणसांची खोपटी तारेच्या कुंपणात होती. बाकीचे लोक मनात येईल तेव्हा बाजारात जात, गावाला जात. पण हे दोघं सोलापूरच्या सेटलमेंटमधून आले आहेत हे कळलं, त्या दिवसापासून मुकादमानं त्यांच्यासाठी वेगळी वही घातली होती. सकाळी हजेरी, संध्याकाळी हजेरी, नावापुढे अंगठा.

ती सेटलमेंट इंग्रजांनी वसवली होती. काही जातींची माणसं जन्मतःच चोर, असा तेव्हा कायदाच होता. त्या जातींना तारांच्या आत ठेवत. रंभाचा जन्म तारांच्या आतलाच. तिनं कधी कुणाची वाटीसुद्धा उचलली नव्हती, तिच्या बापानंही नव्हती. पण बाजाराला जायचं तर पास, लग्नाला जायचं तर पास, आणि ज्या गावाला जाल तिथल्या पाटलाकडे आधी जाऊन नाव लिहायचं. तिची आई बार्शीकडे आजारी पडली, तेव्हा रंभानं पास मागितला होता. पास आला, तोवर आईची माती होऊन दोन दिवस झाले होते.

दोन वर्षांपूर्वी तो कायदा उठला. भाषणं झाली, तारा कापल्या, पेढे वाटले. रंभानंही पेढा खाल्ला. पण त्याच संध्याकाळी हजेरीच्या वेळेला तिचे पाय आपोआप चौकाकडे वळले. जाऊन पाहते तो तिच्यासारखी आणखी चाळीसेक माणसं तिथं येऊन उभी होती. बराच वेळ कुणी नाव पुकारीना, तेव्हा एकमेकांकडे न बघता सगळी आपापल्या घरी गेली.

म्हणून मुकादमाच्या वहीचं तिला नवल वाटलं नव्हतं. सयाजीला तर उलट बरंच वाटलं होतं. नाव कुठंतरी लिहिलेलं असलं की कुणी धरून नेत नाही, असं त्याचं म्हणणं.

लेकीचा निरोप आला नसता, तर ती वही तशीच चालू राहिली असती. लेक झुंबर महाळुंग्याला दिली होती. जावई चाकणच्या बाजाराला कांद्याच्या पाट्या पुरवी. खडीचा ट्रक घेऊन येणारा मीरासाहेब त्याच्या ओळखीचा. त्यानं येऊन सांगितलं, की पोरीचे दिवस भरलेत, पायांना सूज आहे, घरात बाईमाणूस नाही आणि ती सारखी आईचं नाव घेतेय. रंभा मुकादमाकडं जाऊन आली आणि तो पास देत नाही असं तिनं त्याला सांगितलं, तेव्हा तो ट्रकच्या फळीला टेकून तिच्याकडे बघतच राहिला.

"कसला पास, रंभाबाई? एस.टी.त तिकीट लागतं फकस्त," तो म्हणाला. "माझा ट्रक पुन्याकडं चाललाय, न्हाईतर मीच नेलं असतं."

सयाजी ऐकून घाबरला. मुकादम पोलिसात देईल, दोघांना पुन्हा तारेआड टाकतील, असं तो परत परत सांगत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी रंभानं नेहमीसारखा अंगठा दिला, डोईवर एक गाठोडं घेतलं आणि निघाली. कुंपणाला मागच्या अंगाला एक भगदाड होतं, तिथून सगळे ये-जा करीत. पण वाकून तारेतून गेलं तर चोरी केल्यासारखं होईल, असं वाटून ती सरळ फाटकातून गेली. राखणदाराला वाटलं, फोक आणायला निघाली. भोसरीच्या रस्त्याला लागेपर्यंत मागून हाक येईल म्हणून तिची पाठ ताठरलेली होती. हाक आली नाही.

गाडीत कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" तिनं चाकण सांगितलं. त्यानं तिकीट फाडून हातात दिलं. पुढं बापाचं नाव, नंबर, कशाला चाललीस, कधी येणार, हे सगळं सांगायला तिनं तोंड उघडलं होतं, पण कंडक्टर केव्हाच मागच्या बाकाकडे सरकला होता. रंभा मग खिडकीतून बाहेर बघत बसली. इंद्रायणीचा पूल आला, कांद्याचे वाफे गेले. एवढा रस्ता आपण एकटीनं कधी बघितलाच नव्हता, हे तिच्या ध्यानात आलं.

चाकणहून ती चालत महाळुंग्याला पोचली. झुंबर आईला बघून रडली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाळंत झाली. त्रास पुष्कळ झाला, पण सुटली. मुलगी झाली.

पोरीला न्हाऊ-माखू घालून रंभा पाटलाकडे गेली. पोलीस पाटील नानासाहेब ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. अंगणाबाहेर उभी राहून तिनं सांगितलं, "सोलापूर सेटलमेंटची रंभा सयाजी. लेकीकडं आलेय. यायला दोन दिस उशीर झाला. नाव लिवून घ्या."

नानासाहेबांना आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"ती वही खेडला जमा केली, बाई. दोन वर्षं झाली."

"मग मी कशात लिवू?"

"कशातच न्हाई. लेकीकडं आलीस न्हवं? मग ऱ्हा की."

ती थोडी थांबली. ते आणखी काही सांगतील असं तिला वाटलं. पण ते पुन्हा सुपारी कातरायला लागले होते.

दहाव्या दिवशी ती पिंपरीला परतली. मुकादम वही घेऊन फाटकातच भेटला. तुझ्यामुळं काम तटलं, असं म्हणून तो बराच वेळ बोलला. शेवटी त्यानं सांगितलं, की आता दिवसातून तीनदा अंगठा दे, नाहीतर खोपट खाली कर. सयाजीनं अंगठा पुढे केलासुद्धा. रंभानं त्याचा हात धरून खाली केला.

"पाट्या मोजा, मुकादम," ती म्हणाली. "मला मोजू नगा."

त्या दुपारी त्यांनी खोपट सोडलं आणि रस्त्यापलीकडे बाभळीखाली पाल ठोकलं. सयाजी पालात शिरून बसला, बाहेर यायला धजेना. तिसऱ्या दिवशी पाट्या फाटल्या म्हणून मुकादमाचा माणूस रस्ता ओलांडून आला. रंभानं विणलेल्या पाट्या त्याच्यापुढे ठेवल्या. वहीचं नाव त्यानंही काढलं नाही, तिनंही नाही.

त्याच दिवशी दिवस कलताना एक पोलीस शिपाई सायकलवरून उतरला. सयाजी झटकन उठून पालाच्या तोंडाशी हात जोडून उभा राहिला. शिपायानं पालाकडे पाहिलं, फोकांकडे पाहिलं आणि विचारलं, की कोंबड्या झाकायला डालगं विणून मिळेल का? रंभा म्हणाली, चार दिवसांनी या. बरं म्हणून तो सायकलवर बसून गेला.

सयाजी कितीतरी वेळ तसाच उभा होता. मग हळूच रंभाजवळ येऊन बसला आणि एक फोक सोलायला घेतला.

"पोरीचं नाव काय ठिवलं?" त्यानं विचारलं.

"अजून न्हाई ठिवलं," रंभा म्हणाली. "ठिवू सावकाश. कुनाला सांगायची घाई हाय?"